पत्र मिळालं की नाही, एवढं तरी कळू द्या

प्रति,
तुरुंगांचे नियम ठरवणारे आणि ते राबवणारे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात भावाला भेटायला गेले, तेव्हा मुलाखतीच्या खिडकीशेजारी एक कागद चिकटवलेला दिसला. ‘बंद्यांना दूरध्वनी सुविधा उपलब्ध असल्याने नातेवाइकांनी अनावश्यक पत्रव्यवहार टाळावा.’ खाली सही नाही, तारीख नाही, जावक क्रमांक नाही. मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवते. दाखले, सातबारा, पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स. दिवसभर सरकारी कागदच हाताळते. जावक क्रमांक नसलेला कागद म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. त्याच्याविरुद्ध दाद मागता येत नाही, आणि पाळावा मात्र लागतो.

खिडकीतल्या शिपायाला विचारलं, “अनावश्यक म्हणजे कोणतं पत्र?” तो म्हणाला, “ताई, मला काय विचारता, वरून आलंय.” म्हणून हे पत्र वर लिहिते आहे. आणि उघडं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून पाठवलेल्या माझ्या तीन अर्जांना उत्तर आलेलं नाही.

त्या तुरुंगाचं नाव लिहीत नाही. भाऊ अजून आत आहे, एवढं कारण पुरे. शिवाय भेटीच्या रांगेत चार तुरुंग बघितलेल्या माणसांचे नातेवाईक उभे असतात. त्यांचं ऐकल्यावर ही एकाच गेटची तक्रार आहे असं वाटत नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, अडीच वर्षांपासून कच्चा कैदी आहे. गुन्हा काय, त्याने तो केला की नाही, यातलं काही इथे लिहिणार नाही. ते कोर्टात ठरेल. ज्यांचं नुकसान झालं आहे त्यांनाही घरदार आहे, आणि हे पत्र वाचून त्यांना राग आला तर तो मी समजू शकते. पण तो आजारी आहे का, त्याला आमचं पत्र मिळालं का, त्याला इथून हलवलं तर कुठे, हे घरच्यांना कळण्याचा त्या खटल्याशी काही संबंध नाही.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. पहिले काही महिने तो जवळच्या तुरुंगात होता. मग गर्दी झाली म्हणून तीनशे किलोमीटरहून लांब हलवला. हलवल्याचं आम्हाला आठ दिवसांनी कळलं, तेही वकिलाकडून. माय त्या आधीच्या तुरुंगाच्या गेटवर डाळ-बट्टीची डबी घेऊन उभी होती. डबी आत जात नाही हे तिला माहीत होतं, तरी ती नेते. “तो नाही इथे,” एवढंच सांगितलं गेलं. नाही म्हणजे काय, सुटला, दवाखान्यात नेला, का आणखी काही, ते सांगायला कुणी नव्हतं. त्या दिवशी ती घरी कशी आली ते मी तिला अजून विचारलेलं नाही.

आता भेटीला जायचं म्हणजे रात्रीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट झालं म्हणून निदान ते जमतं. पहाटे स्टँडवर तोंड धुवायचं, रांगेत आधार कार्ड दाखवायचं, नोंद, झडती, आणि मग काचेपलीकडे वीस मिनिटं. एका बाजूला आठ जण, दुसऱ्या बाजूला आठ जण, सगळे एकदम ओरडत असतात. वेचणीच्या दिवसांत दोन रोज बुडतात. म्हणून आम्ही दोन महिन्यांतून एकदा जातो. मधल्या काळात पत्र आणि फोन.

आधी पत्राचं सांगते, कारण बंद करायचं म्हणताय ते पत्रच आहे.

माझी भाची, दादाची मुलगी, सहावीत आहे. दादाचं गणित पहिल्यापासून चांगलं. ती दर रविवारी वहीच्या पानावर पाच गणितं सोडवते आणि ते पान पत्रात घालते. तो तपासतो. बरोबर असेल तिथे खूण, चूक असेल तिथे गोल, आणि खाली एक नवं गणित घालून पान परत पाठवतो. या सगळ्याला तीन आठवडे लागतात. अपूर्णांक तपासून येतात, तोवर वर्गात दशांश अपूर्णांक निम्मे झालेले असतात. तरी ती तपासलेलं पान आलं की मागे जाते आणि गोल केलेलं गणित पुन्हा सोडवते. शाळेतल्या बाईंनी तेच गणित बरोबर करून दिलेलं असलं तरी. मी एकदा म्हटलं, “बाईंनी सांगितलंय ना?” तर म्हणाली, “ते शाळेचं झालं.”

दिवाळीनंतरचं एक पान परत आलंच नाही. आधी वाटलं पोस्टात अडकलं असेल. भेटीत कळलं, दादाला ते पत्र मिळालंच नव्हतं. खिडकीवर चौकशी केली. दुसऱ्या भेटीत पुन्हा केली. तिसऱ्यांदा एका कर्मचाऱ्याने रजिस्टर न उघडताच सांगितलं, त्या पत्रात नुसते आकडे होते, ‘सांकेतिक मजकूर’ असल्याच्या संशयावरून बाजूला ठेवलं आहे.

12, 18, 36. खाली 24, 36, 6. मसावि-लसाविचा धडा होता.

मला आधी हसू आलं. रांगेतल्या बायकाही हसल्या. आता मसावि-लसावि मोठेपणी कुणालाच धड आठवत नाही, हेही खरं आहे. ज्याच्या टेबलावर रोज पत्रांचा गठ्ठा पडतो आणि तो संपवून पुन्हा गेटवर ड्युटी असते, त्याच्या जागी मी असते तर मलाही शंका आली असती. शंकेबद्दल माझी तक्रार नाहीच. मी म्हटलं, मग ते पत्र परत द्या. “तसा नियम नाही.” का रोखलं ते लिहून द्या. “तसाही नियम नाही.” दादाला तरी सांगितलं होतं का, की तुझं पत्र आलंय आणि आम्ही ते ठेवून घेतलंय? यावर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

माझी मूळ तक्रार इथे आहे. पत्र उघडा, वाचा, शिक्का मारा. आम्ही लिहितानाच तुम्ही वाचणार हे धरून लिहितो. माय तर पत्राच्या शेवटी “वाचणाऱ्या सायबाले नमस्कार” असं मला लिहायला लावते. आतून मोबाइल चालतात, आतून टोळ्या चालतात, हे आम्हीही बातम्यांत वाचतो. तपासणी नको असं कुणीच म्हणत नाही. पण पत्र पोचलं की नाही हे कळण्याचा काहीतरी मार्ग असावा की नको?

पूर्वी मी रजिस्टर करत असे, पोचपावतीसह. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हापासून स्पीड पोस्ट करते. मोबाइलवर दिसतं, ‘वितरित’. पण वितरित कुठे, तर गेटवर. आमच्या गावापासून तुमच्या गेटपर्यंत पत्राला चार दिवस लागतात. गेटपासून बराकीपर्यंत कधी अकरा, कधी एकवीस. एकदा तर एकदम सात पत्रं त्याच्या हातात पडली, पाकिटांशिवाय, तारखांची उलटापालट झालेली. त्यात माय बरी झाल्याचं पत्र आधी वाचलं गेलं आणि ती पडल्याचं नंतर.

उलट दिशेने तेच. अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांचं, पण आतल्या कॅन्टीनमध्ये ते अनेकदा संपलेलं असतं. वकीलपत्रावर त्याची सही हवी होती, तो कागद जाऊन यायला महिना लागला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या आणि फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. कागदावर चांगली आहे. पण त्यासाठी कागद आत जावा लागतो आणि बाहेर यावा लागतो. वकील म्हणतो सही आणा, सही आत आहे, आणि आतून काही कळत नाही.

आता फोन. तो सुरू झाला हे फार चांगलं झालं, आणि ज्यांनी केला त्यांचे आभार मानायला मला काही कमीपणा नाही. नाणं टाकून बोलायचा डबा होता त्यापेक्षा कार्डाचा फोन शंभर पटींनी बरा. आमच्या वाट्याला आठवड्यातून तीन वेळा सहा मिनिटं आहेत. निदान नियम तसा सांगितला आहे. बराकीत माणसं जास्त आणि फोन कमी, त्यामुळे आठवड्यातून एकदा लागला तरी आम्ही चांगला आठवडा म्हणतो.

तो फोन येतो साधारण अकरा ते दुपारी तीन. त्या वेळी माय शेतात असते, नाल्याच्या पलीकडे, जिथे रेंज बांधावर चढल्याशिवाय मिळत नाही. येणारा नंबर कधी सारखा नसतो, आणि मोबाइलवर लाल अक्षरांत ‘स्पॅम’ असं येतं. कर्जवाल्यांचे आणि केवायसीवाल्यांचे फोन कापून कापून तिला लाल अक्षर दिसलं की बोट आपोआप फिरवायची सवय झाली होती. दोनदा तिने स्वतःच्या मुलाचा फोन कापला. कापलेला फोनही पाळीत धरतात. पुढची पाळी येईपर्यंत तो आत विचार करत बसतो, मायने का कापला असेल.

त्यात नंबरची भानगड. नोंदवलेल्या नंबरवरच बोलता येतं, आणि सिम ज्याच्या नावावर त्याचं नातं कागदावर सिद्ध व्हावं लागतं. खेड्यात सिम कुणाच्या नावावर असतं तुम्हाला माहीत असेल. जो तालुक्याला गेला त्याने आपल्या आधारवर चार आणली. मायचं सिम माझ्या चुलतभावाच्या नावावर होतं. ते तिच्या नावावर करून, कागद जोडून, पोलीस पडताळणी होऊन, नंबर बदलून मिळायला सव्वादोन महिने गेले. सेवा केंद्र चालवणाऱ्या बाईला सव्वादोन महिने लागतात, तर बाकीच्यांचं काय होत असेल?

त्याच सव्वादोन महिन्यांत जिजी गेली. माझी आजी. तिनेच दादाला लहानाचा मोठा केला, कारण माय-बाबा ऊसतोडीला जायचे. मी तुरुंगाच्या ऑफिसात फोन केला. तिसऱ्यांदा उचलला. नाव, बराक, वडिलांचं नाव, सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस नीट बोलला, “निरोप देतो ताई” म्हणाला. मी तारही लिहिली असती, पण तार 2013 मध्येच बंद झाली. स्पीड पोस्टाने पत्र टाकलं. निरोप दिला गेला नाही. पत्र दहाव्यानंतर बऱ्याच दिवसांनी पोचलं. मधल्या दिवसांत त्याला एकदा माझ्या नंबरवर फोन लागला. मला वाटलं, माहीत झालं म्हणूनच केलाय. त्याने विचारलं, “जिजीचा गुडघा कसाय? दे ना तिला.”

सहा मिनिटांतली दीड गेली होती. मागे रांगेतल्या कुणाचं तरी “आटप, आटप” ऐकू येत होतं. मी सांगितलं. उरलेला वेळ आम्ही दोघंही बोललो नाही, आणि फोन आपोआप बंद झाला.

तुमचा तो कागद म्हणतो, फोन आहे तर पत्र कशाला. त्याला माझं उत्तर एवढंच, की अशी बातमी त्या सहा मिनिटांत मावत नाही. पत्र त्याला रात्री पुन्हा काढून वाचता आलं असतं. मी त्यात लिहिलं होतं की शेवटचे दोन दिवस तिला दुखत नव्हतं, की तिने सगळ्यांना ओळखलं, की खांदा कुणी कुणी दिला. फोनवर यातलं काहीच सांगता आलं नाही.

भाषेचं आणखी एक. आमची घरची बोली अहिराणी. माय मराठी बोलते ती बँकेत आणि तलाठ्याकडे. फोनवर तिने “कसा शे रे भाऊ, जेवना का?” म्हटलं की मध्येच कुणीतरी सांगतं, मराठीत किंवा हिंदीत बोला. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे हे मान्य. मग ती मराठीत बोलते, आणि मराठीत तिला मुलाशी बोलायला काही सुचत नाही. “बरा आहेस का, आम्ही बरे आहोत.” सहा मिनिटं असतात त्यातली चार उरतात. मायने सांगितलेलं, मी अहिराणीत उतरवलेलं एक पत्र ‘भाषा समजत नाही’ म्हणून परत आलं होतं. ते परत आलं म्हणून कळलं तरी, हे विशेष! साऱ्या खानदेशात ही भाषा बोलतात. तुमच्याच खात्यात धुळे-जळगावचे शिपाई असतील, त्यांतल्या एकाला आठवड्यातून एक तास बसवा. आमचं तरी ठीक. माझ्या केंद्रात सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा आदिवासी येतात, त्यांच्या घरातल्या बायकांना मराठीही येत नाही.

पूर्वी तारखेला तरी तो दिसायचा. कोर्टाच्या व्हरांड्यात, पोलिसांच्या मध्ये, पाच-दहा मिनिटं. एखादा हवालदार भला असला तर भाचीला जवळ जाऊ द्यायचा. आता बहुतेक तारखा व्हीसीवर, म्हणजे तुरुंगातूनच व्हिडिओवर, होतात. गाडी वाचते, बंदोबस्त वाचतो, मला पटतं. पण ती पाच मिनिटं गेली त्याबदल्यात काय मिळालं, याचा हिशोब कुणी केलेला नाही.

ई-मुलाखतीबद्दल, म्हणजे व्हिडिओवरच्या भेटीबद्दल, थोडक्यात. चांगली सोय आहे आणि ती नोंदवून देण्याचं काम मीच करते. आसपासच्या खेड्यांतले लोक येतात. “ताई, आमच्या पोराची भेट लावून द्या” म्हणतात. मी त्याचे पैसे घेत नाही. एक म्हातारे बाबा धुतलेली टोपी घालून वेळेच्या दोन तास आधी येऊन बसले. वेळ झाली, पलीकडून कुणी जोडलंच नाही. नंतर आमची लाइट गेली. पोर्टलवर त्यांची भेट झाली की नाही, काय दाखवलं कोण जाणे, पण त्या आठवड्याची दुसरी वेळ मिळाली नाही. बाबा म्हणाले, “राहू दे, पोरगा गाढ झोपला असंल.” असं म्हणून त्यांनी मलाच समजावलं.

मी कायदा शिकलेली नाही, पण छापलेलं वाचू शकते. 1894 चा इंग्रजी अमदानीतला तुरुंग कायदा. त्याच्या कलम 40 मध्येही, कच्च्या कैद्याला ज्यांच्याशी बोलायची इच्छा आहे त्यांना योग्य वेळी, योग्य बंधनांसह भेटू देण्याची सोय करावी, असं आहे. सुनील बत्रा खटला (1979) तर एका कैद्याने तिहारमधून सर्वोच्च न्यायालयाला पाठवलेल्या पत्रावरूनच उभा राहिला. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानलं, आणि तुरुंगात तक्रारपेट्या ठेवायला सांगितल्या. 1981 मध्ये फ्रान्सिस कोरॅली मुलिन खटल्यात घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला गेला. संयुक्त राष्ट्रांचे 2015 चे मंडेला नियम आहेत, त्यातला 58 वा नियम पत्र, फोन आणि भेट या तिन्हींची नावं घेतो. ‘किंवा’ म्हणत नाही.

आणि आपल्याच मराठीतला दाखला. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी अणूवर एक पुस्तक लिहिलं, मराठीत. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या म्हणाले, सरकारने नाही म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1965 मध्ये सरकार हरलं. अणूचं विज्ञान तुरुंगातून बाहेर येऊ शकतं, तर सहावीचा मसावि आत का जाऊ शकत नाही, हा माझा साधा प्रश्न आहे. आमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं रविवार-रविवार उतरवून घेत होते. ते कागदही कुणीतरी तपासलेच असतील. तरी ते बाहेर आले. इंग्रज साहेबाच्या राज्याचं कौतुक करायचं नाही, पण तुलना झाली की लाज आपल्याला वाटते.

आणि हे चार घरांचं दुखणं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर माणसं होती. त्यातली 4 लाख 34 हजारांवर कच्चे कैदी. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नाही. निकाल लागलेल्यांनाही पत्र हवंच, पण ज्यांना कुणी दोषी ठरवलेलं नाही त्यांच्या घरी तरी निरोप वेळेत यावा.

मागण्या लिहिते. यातल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

1. खिडकीवरचा तो कागद काढा. ठेवायचाच असेल तर सही, तारीख, जावक क्रमांक आणि कोणत्या नियमाखाली, हे लिहून ठेवा.

2. आलेल्या प्रत्येक पत्राची तारखेसह नोंद करा आणि पत्र कैद्याच्या हातात पडलं की घरच्यांना एक संदेश पाठवा. गॅस सिलिंडरचा येतो तसा. आमचे नंबर तुमच्याकडे पडताळणी करून नोंदवलेले आहेतच. हे एवढं जरी झालं, तरी बाकीचं आम्ही आणखी काही वर्षं सोसू.

3. पत्र रोखलं तर का रोखलं ते आत आणि बाहेर दोघांनाही लेखी कळवा आणि ठरावीक मुदतीत ते परत करा. आकडे असतील तर आधी कुणा शिक्षकाला दाखवा. तुमच्याकडे शिक्षक नसेल तर मी पाठवते.

4. न उचललेला फोन पाळीत धरू नका. फोन एकाच ठरलेल्या नंबरवरून येऊ द्या, म्हणजे तो ‘दादा’ नावाने साठवता येईल. शेतात आणि कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळची एखादी वेळ ठेवा. नंबर बदलायला मुदत ठरवा.

5. घरातला मृत्यू, गंभीर आजार, आणि तुमच्याकडून होणारी तुरुंगबदली. हे तीन निरोप त्याच दिवशी पोचले पाहिजेत आणि कुणी, किती वाजता पोचवले याची सहीनिशी नोंद असली पाहिजे.

6. बोलीभाषेत लिहिलेलं आणि बोललेलं चालेल, असं स्पष्ट लिहा. ऐकायला-वाचायला माणूस शोधणं तुमचं काम. नाही सापडला तर थोडा उशीर झाला तरी चालेल, पण पत्र परत पाठवू नका.

एक गोष्ट लिहायची राहिली, ती न लिहिणं अन्यायाचं होईल. दादाच्या बराकीत एक म्हातारा आहे, त्याला वाचता येत नाही. एक हवालदार रात्रपाळीला आला की त्याच्या मुलीची पत्रं त्याला गजाआडून वाचून दाखवतो, कधी कधी तेच पत्र दोनदा. हा त्याच्या कामाचा भाग नाही, हे मलाही माहीत आहे. त्याचं नाव दादाने सांगितलं होतं. मी ते इथे लिहीत नाही, कारण कौतुक केलं म्हणून त्याची बदली व्हायची.

उत्तराची वाट पाहीन. पत्ता तुमच्याकडच्या नोंदीत आहे.

कळावे,
एका कच्च्या कैद्याची बहीण
ता. अमळनेर, जि. जळगाव

ता. क. – तुम्ही ठेवून घेतलेल्या पानावरचं दुसरं गणित चुकलेलं आहे. 24 आणि 36 चा मसावि 6 नाही, 12 येतो. भाचीला हे मी सांगितलेलं नाही. ती अजून त्या पानाची वाट बघते आहे.